खारकोव्हची पदवी आणि बोरखडीची विहीर

बोरखडी, मंडल जैनथ, जि. आदिलाबाद
१२ ऑक्टोबर १९८६

चि. खुशाल यास काका सुधाकरचा जयभीम.

तुझं पहिलं पत्र पोचलं. पोस्टमन ते घेऊन थेट शाळेत आला आणि वर्गाच्या दारातूनच ओरडला, "गुरुजी, रशियाहून कागद आला!" आता गावात जो तो मला अडवून विचारतो, "पुतन्या डॉक्टर होऊन येनार ना?" मी सांगतो, नाही बाबा, इतिहास शिकायला गेला. मग तो माणूस आवाज खाली आणतो, जणू आमच्या घरात कुणी आजारी आहे.

बावीस वर्षं मी हा विषय शिकवतो आहे. त्याची पत मला विचार. गणिताचा मास्तर रजेवर गेला की पालक बोंबलतात. मी रजेवर गेलो की मुलं गोट्या खेळतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. असला विषय शिकायला माणूस जैनथपर्यंत गेला तरी खूप झालं; तू समुद्र ओलांडलास. आदिलाबादच्या कॉम्रेड मंडळींनी शिष्यवृत्ती मिळवून दिली तेव्हा मी तुला म्हटलं होतं, 'वैद्यक' लिही. चंपतदादा असता तर त्यानं कान धरून लिहायला लावलं असतं. तुझा बाप नाही आणि माझं तू ऐकत नाहीस.

वहिनी विचारते, तिथं भाकर भेटते का. काळा ब्रेड खातोस हे मी तिला सांगितलेलं नाही. आधीच ती म्हणते, "काऊन पाठवलं भाऊजी माह्या लेकराले इतक्या थंडीत?" पाठवणारा मी नव्हतो, पण ऐकून घेतो.

रशियन आली की तीत एक वाक्य लिहून पाठव. मला कळणार नाही, म्हणजे तुला चुकायची भीती नाही.

तुझा काका,
सुधाकर


खारकोव्ह
२० नोव्हेंबर १९८७

ती. काकांस जयभीम.

भाषेचं वर्ष संपलं. सप्टेंबरपासून मी विद्यापीठात इतिहासाचा रीतसर विद्यार्थी आहे. वसतिगृहात आमच्या मजल्यावर भारतातले आणखी पाच जण आहेत, पाचही डॉक्टर होणार. सुट्टीवरून येताना जीन्सच्या पँटी आणतात आणि इथल्या पोरांना विकतात. शरीरातली हाडं त्यांना अजून पाठ नाहीत, पण कुणाच्या कमरेला कुठली पँट बसेल ते नजरेनं सांगतात. तुम्हाला असला पुतण्या हवा होता.

राग मानू नका, पण तुम्ही आम्हाला शिकवलात तो इतिहास नव्हता. काकतीय आले, बहामनी आले, निजाम आला, निजाम गेला. जणू जैनथच्या थांब्यावर बस येतात आणि जातात. इथं रायसा ग्रिगोर्येव्हना नावाच्या बाई आम्हाला शिकवतात. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, पाणी शंभर अंशांना उकळतं, तसेच समाजालाही नियम आहेत. बस कोण चालवतो, डिझेल कुणाच्या घामाचं, हे कळल्याशिवाय गाड्यांची नावं पाठ करून काय उपयोग?

शास्त्रानुसार बोरखडी म्हणजे सरंजामशाहीचा अवशेष आहे. आणि तुम्ही, क्षमा करा, छोट्या भांडवलदारी वृत्तीचे आहात: पगार, पेन्शन आणि कुजकं बोलणं. हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतं.

तुम्ही मागितलेलं वाक्य सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. अर्थ असा, की इतिहास आमच्या बाजूला आहे. आईला नमस्कार.

खुशाल


बोरखडी
३ जुलै १९८८

चि. खुशाल यास जयभीम.

सात महिने तुझं पत्र नाही. का नाही, ते मला रेडिओवरच्या संध्याकाळच्या हिंदी बातम्यांनी सांगितलं. तुमच्याकडे यंदा शाळांतल्या इतिहासाच्या परीक्षा रद्द झाल्या म्हणे. पुस्तकांत खोटं छापलं होतं, हे खुद्द सरकारलाच उमगलं! लेका, मी इतका हसलो की वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली.

पाणी शंभर अंशांना उकळतं, खरं आहे. पण भांडं कुणाच्या चुलीवर ठेवलंय हे तुझ्या बाईंनी सांगितलं नाही. इतिहास तुमच्या बाजूला होता ना? आता कुठल्या बाजूला जाऊन बसला? दिसला तर माझा जयभीम सांग.

आमच्या पुस्तकांतही खोटं आहे. पण ते कुणी रद्द करत नाही, म्हणून माझी नोकरी शाबूत आहे. तू मात्र एका शब्दानं कळवलं नाहीस. छोटी वृत्ती म्हणतात ती हीच असावी.

आता तरी परत ये. बी. एड. कर. मराठी शाळा अजून दोन-चार वर्षं टिकतील.

सुधाकर


खारकोव्ह
११ फेब्रुवारी १९८९

ती. काकांस जयभीम.

हसून झालं असेल तर पुढे वाचा.

सप्टेंबरात वर्ग सुरू झाले. रायसाबाई आल्या, जुनी टिपणं टेबलावर ठेवली आणि उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "यंदा काय शिकवायचं ते मला माहीत नाही. ज्याला जायचं त्यानं जावं." निम्मा वर्ग उठला. बसून राहिलो ते बहुतेक परदेशी. आम्हाला जायला जागा नव्हती. मग त्या म्हणाल्या, "पुस्तक नाही, तर तुमच्या गावांत काय घडलं ते सांगा. आजीनं सांगितलं असेल तेच सांगा."

व्हिएतनामचा एक जण तासभर बोलला. इथिओपियाची एक मुलगी बोलता बोलता रडली. माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझ्या गावाला इतिहास नाही. एक पाटील आहे, एक बुद्धवाडा आहे आणि एक माझा काका आहे." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग तू इथे काय करतोस?"

त्याचं उत्तर तुम्हाला देतो. तुम्ही गावात बसून एवढी वर्षं इतिहास शिकवलात आणि एकदाही बोरखडीचं नाव फळ्यावर लिहिलं नाहीत. निजामाच्या वजिरांची नावं मला अजून पाठ आहेत. काही सांगण्यासारखं असेल तर लिहा. नसेल तर मीही जीन्स विकायला लागतो.

खुशाल


बेज्जूर
९ सप्टेंबर १९८९

चि. खुशाल यास जयभीम.

तुझ्या पत्राला उशिरा उत्तर देतो आहे. पत्ता बदलला, वर बघ. जूनमध्ये बेज्जूरला बदली झाली. जंगल दाट आहे, प्राणहिता नदी जवळ आहे, हवा चांगली. शाळा तेलुगू माध्यमाची. इथं माझ्या हाताखाली एक वर्ग नाही, अख्खी शाळा आहे. मी एक शब्द उच्चारला की सगळी पोरं ताठ उभी राहतात. असा मान मला बोरखडीत कधी मिळाला नव्हता.

गावाला इतिहास आहे का, असं विचारलंस. आहे. पण सध्या तो दुसराच माणूस लिहून घेतो आहे. वहिनी गावीच आहे, बरी आहे.

सुधाकर


खारकोव्ह
२ डिसेंबर १९८९

ती. काकांस जयभीम.

हेडमास्तर झाल्याबद्दल अभिनंदन! तेही तेलुगू शाळेचे, आणि तुम्हाला अजून बसवरच्या तेलुगू पाट्या वाचता येत नाहीत. उद्धवराव पाटलांची ओळख कामाला आली असणार. आपल्या गावात त्यांच्या शब्दाशिवाय कुत्र्याचीसुद्धा बदली होत नाही. आयुष्यभर पाटलाला नावं ठेवायची आणि शेवटी त्याच्याच चिठ्ठीवर खुर्ची मिळवायची. याला इथं एक शब्द आहे, मराठीत भाषांतर करत नाही.

गावचा इतिहास लिहिणारा तो दुसरा माणूस कोण? तुम्हीच असाल. विनयाचं नाटक तुम्हाला शोभत नाही.

खुशाल


बेज्जूर
६ जानेवारी १९९०

(पोस्टकार्ड)

अभिनंदन पोचलं. भिंतीवर लावलं आहे.

सुधाकर


खारकोव्ह
१५ जानेवारी १९९२

ती. काकांस जयभीम.

दोन वर्षांनी लिहितो आहे. आईला पत्रं जात होती, त्यामुळे मी जिवंत असल्याचं तुम्हाला ठाऊक असेल.

सोव्हिएत संघ संपला. मी कुठंही गेलो नाही. खोली तीच, गादी तीच, खिडकीतून दिसणारी ट्राम तीच. पण आता ह्या जागेला युक्रेन म्हणतात. ज्या देशानं शिष्यवृत्ती दिली तो नाही, आणि जो आहे त्यानं मला बोलावलेलं नाही. दूतावासातला आपला माणूस म्हणाला, "हिस्ट्री? यहाँ?" आणि चहा प्यायला निघून गेला.

रायसाबाई सकाळी शिकवतात आणि दुपारी मंडईत कोबीचं लोणचं विकतात. मी समोर गेलो तर लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "हे मात्र नियमाप्रमाणेच आंबतं." मी लोणचं घेतलं. जीन्सवाले पाचही जण डॉक्टर झाले आहेत. जूनमध्ये माझी पदवी होईल. मग येतो. कशाला, ते विचारू नका.

खुशाल


बोरखडी
१९ जुलै १९९२

ती. काकांस जयभीम.

मी आलो. आईनं मला दारात उभं करून आधी पोटभर पाहिलं आणि मग तुमच्याबद्दल सांगितलं. तुम्ही हेडमास्तर नाही. तुम्हाला तेलुगू येत नाही म्हणून तुमच्या हातात शिट्टी दिली आहे आणि तुम्ही कवायत घेता. "सगळी पोरं ताठ उभी राहतात"! काका, खोटं न लिहिता फसवायची ही रीत मला विद्यापीठातही कुणी शिकवली नाही.

बदली का झाली तेही आईनं सांगितलं. उद्धवराव गावाचं छोटं पुस्तक छापणार होते. बुद्धवाड्याची विहीर आपल्या वडिलांनी, नागोरावांनी, दुष्काळात दान म्हणून खोदून दिली असं त्यात त्यांना हवं होतं. लिहायला तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "लिहितो. खाली एक ओळ माझीही टाकतो, की हे सगळं खोटं आहे." महिन्याच्या आत बदलीचा कागद आला.

बहात्तर साली मी सहा वर्षांचा होतो. नागोरावांनी त्यांच्या विहिरीवरून बुद्धवाड्यातल्या बायकांना हाकललं. मग तुळजाआजीनं गायरानात पहिली कुदळ मारली. बाबा खाली उतरायचे, तुम्ही शाळा सुटल्यावर टोपली ओढायचात. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला इतिहास म्हणतात, एवढंच ठाऊक नव्हतं.

आता पुस्तकाच्या जागी दगड आला आहे. काळा, गुळगुळीत, नागोरावांचं नाव कोरलेला. तो विहिरीवर बसणार, त्यांच्या पुण्यतिथीला. त्या बदल्यात उद्धवराव विहिरीवर मोटार बसवून देणार, म्हणून बुद्धवाडाही गप्प आहे. रुक्माबाई खोदणाऱ्यांतली, आणि तिचा मुलगा मारोती रोज उद्धवरावांकडे हात जोडायला जातो.

माझ्या पदवीकडे आदिलाबादच्या कचेऱ्यांत लोक नकली नोटेसारखं उजेडात धरून पाहतात. उद्धवराव इंग्रजी शाळा काढतायत. मला मास्तरकी देतो म्हणाले. अट एकच: दगडाच्या कार्यक्रमात परदेशात शिकलेला इतिहासकार म्हणून भाषण करायचं.

मी हो म्हटलं आहे. आई खूश आहे. उपदेश पाठवू नका.

खुशाल


बेज्जूर
२ ऑगस्ट १९९२

खुशाल,

तू हो म्हटलंस. एवढंच शिकायचं होतं तर इतकी वर्षं बर्फात कशाला काढलीस? उद्धवरावाच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर बसूनही मान डोलवायला शिकता आलं असतं. तिथं तर ऊबही असते.

मारोतीचं मला वाईट वाटत नाही. त्याला मोटार हवी आहे, तो मोटारीपुरता वाकतो. तू शिकून वाकतोस. तुझ्यासारखी माणसं तुझ्या त्या देशात पुस्तकं लिहायची. म्हणूनच ती रद्द करावी लागली.

मला बोलावू नकोस. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तर मी ते फोडणार नाही.

सुधाकर


बोरखडी
४ ऑक्टोबर १९९२

सुधाकरराव भाऊजी, जयभीम.

मी जयवंता. अक्षर माह्यंच हाय. साक्षरतेच्या वर्गात शिकली. वाकडं हाय, हसा. खुशालचं अक्षर पाह्यलं तं तुमी फोडनार नाही म्हने, म्हनून मी लिहून राह्यली. पाच दिवस झाले लिहून राह्यली.

मले वाटलं, पोरगं नोकरीले लागते. म्या त्याचा सदरा धुतला, आदिलाबादहून इस्तरी करून आनला. दगडाच्या कार्यक्रमाचा मंडप मोठा होता. उद्धवरावानं त्याले शाल देली. माईकमदी म्हनले, आता रशियाचे मोठे इतिहासकार आमच्या बाबांच्या दानाबद्दल बोलतीन. समदे टाया वाजवून राह्यले. म्याबी वाजवल्या.

खुशाल उठला. म्हने, "तिकडं एका बाईनं मले इचारलं होतं, तुह्या गावात काय झालं. तवा मले सांगता नाही आलं. आज सांगतो." मंग त्यानं नावं घेतली. तुळजाबाई. चंपत. रुक्माबाई. दौलत, ज्याची दोन बोटं सुरुंगात गेली. आमाले नागोरावाच्या विहिरीवरून कसं हाकललं तेबी सांगतलं. मंग म्हने, "नागोरावानं काहीच देलं नाही असं नाही. देलं. महसुलाच्या गिरदावराकडं आमच्याविरुद्ध तक्रारीची दरखास्त देली."

मांगून कोनीतरी मोठ्यानं हासलं. उद्धवराव म्हने, "बंद करा माईक." बंद केला. खुशाल बोलतच होता, पन आवाज पोचेना. तवा रुक्माबाई उठली. मारोती तिले दंडाले धरून खाली बसवून राह्यला, "माय, बस, मोटार जाईन." ती म्हने, "सोड मले. टोपली म्या उचलली. तुह्या मालकाच्या बापानं नाही." आन् उभीच राह्यली. मंग मी उभी राह्यली. दौलतबी उठला. आमी नुसते उभे राह्यलो.

मंग पंगत झाली. तुमच्यापासून लपवत नाही, निम्मा वाडा जेवला. बुंदी होती. निम्मा घरी आला.

दगड बसला. कोनी काढला नाही. नोकरी गेली, मोटारबी आली नाही. मारोती आमच्या दारावरून थुकत जाते. लोक म्हनते, शिकल्यालं पोट्टं, आमच्या तोंडचं पानी काढलं. बाया अजून दोरानंच पानी ओढते.

म्या खुशालले इचारलं, काऊन सांगतलं नाही रे मले आंधी? तं म्हने, सांगतलं असतं तं तू जाऊ देलं नसतं. खरं हाय. म्या जाऊ देलंच नसतं.

पन तुमाले काय झालं होतं? तुमचा पुतन्या तो. तुमी तं ओयखाले पायजे होतं. तुमचं पत्र आलं तवा त्यानं वाचलं, घडी केली आन् उंबऱ्यावर बसून राह्यला. तुमी दोघंबी शिकले, पन एकमेकाले घान बोलल्याशिवाय तुमच्या पेनातून शाई उतरत नाही. असं शिक्षन मले नको भाऊजी. मले इतकंच येते ते पुरे.

जयवंता


बेज्जूर
१४ ऑक्टोबर १९९२

चि. खुशाल यास जयभीम.

वहिनीचं पत्र पोचलं. अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे आणि मुद्देसूद आहे. तीन वेळा वाचलं, तेही व्हरांड्यात, जिथून हेडमास्तर बघतो.

आता तुझ्या भाषणाबद्दल. दौलतची बोटं सुरुंगात गेली नाहीत. वरून पहार निसटली, मी तिथं होतो. खालच्या आळीतल्या बायकांची नावं तू घेतलीच नाहीस, आणि पाणी लागलं ते पहिल्यांदा त्यांना दिसलं. शिवाय निम्मे लोक पंगतीला बसले, म्हणजे भाषण निम्मंच लागलं. दरखास्तीचं वाक्य मात्र चांगलं होतं. ते मला सुचायला हवं होतं.

ऑगस्टमधलं माझं पत्र फाडून टाक. पोस्टात टाकलेलं परत घेता येत नाही, नाहीतर मी स्वतः फाडलं असतं. वहिनीला सांग, तिचं म्हणणं बरोबर आहे. माझ्या तोंडून ते निघणार नाही, तू सांग.

इथल्या पोरांनी मला थोडं तेलुगू शिकवलं. परवा कवायत सोडून मी त्यांना विचारलं, तुमच्या गावात पहिली विहीर कुणी खोदली? कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार जण घरी विचारून आले. चौघांची चार उत्तरं. मी शिट्टी खिशात ठेवली आणि तासभर ऐकत बसलो. हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला आहे. मराठीत देणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीत येतो. खोदणारे आता फार उरले नाहीत. रुक्माबाई आहे, दौलत आहे. ताराबाई नेरडीगोंड्याला लेकीकडे असते, तिला मी येताना घेऊन येतो. मी विचारीन, तू लिही. साध्या मराठीत लिही, नियम नंतर बघू.

ताराबाईला आता मुळीच ऐकू येत नाही. प्रत्येक गोष्ट ओरडून विचारावी लागते आणि तीही ओरडूनच उत्तर देते. तिला विहिरीच्या काठावरच बसवू. उद्धवरावाच्या ओसरीपर्यंत ऐकू गेलं, तर जाऊ दे.

तुझा काका,
सुधाकर